अरीटची चढण: ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’चा पाचवा अ‍ॅक्ट, हॅरोगॅथपासून बाआलपर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा कोथरूडला आमच्याकडे राहायला आला तो लॅपटॉप काखेत मारूनच, आणि त्यावर ‘डायब्लो 2’ हा राक्षस मारत पुढे जायचा कॉम्प्युटर गेम, पाचव्या अ‍ॅक्टमध्ये म्हणजे पाचव्या भागात अडकलेला. पहिल्याच संध्याकाळी फराळाचं ताट बाजूला सरकवून म्हणाला, “मामा, हा अ‍ॅक्ट चुकीचा बनवलाय. डायब्लोला मी एका फटक्यात मारलं आणि इथे पहिल्याच उतारावर अकरा वेळा मेलो.” मी काही न बोलता कीबोर्डवरचं ‘सी’ दाबलं. त्याच्या सॉर्सरेसचं, म्हणजे जादूगारणीच्या पात्राचं, पत्रक उघडलं. आगीचा रेझिस्टन्स (मारा सोसायची ताकद, टक्क्यांत) 12, थंडीचा शून्य, विजेचा 5, विषाचा शून्य. अंगावर मात्र तीन-तीन पिवळ्या (म्हणजे दुर्मिळ) वस्तू झगमगत होत्या. “चुकीचा अ‍ॅक्ट नाही रे,” म्हटलं, “तू बनियनवर हिमालयात आलायस.”

पुढचे चार दिवस आम्ही मिळून तो अ‍ॅक्ट खेळलो. त्यातलं जे कुणालाही उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे. पहिल्यांदाच, नॉर्मल डिफिकल्टीवर (पुढच्या अवघड पातळ्या म्हणजे नाइटमेअर आणि हेल), एकटे खेळणाऱ्यांसाठी हे आहे. ज्यांचं हॅमरडिन (हातोडे फेकणारं पॅलाडिन पात्र) दर आठवड्याला हेल पालथं घालतं, त्यांनी हसून सोडून द्यावं.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डायब्लो 2’ जून 2000 मध्ये आला आणि बरोबर वर्षभरानं, जून 2001 मध्ये, त्याचा विस्तार म्हणजे ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’. असॅसिन आणि ड्रुइड ही दोन नवी पात्रं, वस्तूंच्या खाचांत बसवायचे रून आणि ज्वेल, नुसते जवळ बाळगायचे चार्म, दुप्पट मोठा स्टॅश (सामानाची पेटी) आणि एक अख्खा नवा अ‍ॅक्ट, एवढं सगळं त्यात होतं. सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या ‘रिझरेक्टेड’ आवृत्तीत हा विस्तार आतच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही. मी स्वतः तो पहिल्यांदा खेळलो सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत, तासावर पैसे मोजून. त्यामुळे घाई करायची सवय लागली, आणि ती सवय या अ‍ॅक्टला सगळ्यात महाग पडते.

चढण्याआधी

सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेनं जाणारा शहाणा माणूस पहाटे निघतो आणि पाणी खाली भरून घेतो. उन्हं डोक्यावर आल्यावर रिकामी बाटली घेऊन निघणाऱ्याला वाटेतलं लिंबू सरबतसुद्धा वाचवत नाही. अरीट पर्वताचंही तसंच आहे. चौथ्या अ‍ॅक्टमध्ये डायब्लो पडला की टायरिएल या देवदूताशी बोलल्यावर हॅरोगॅथ या गावाचं पोर्टल (जादूचं दार) उघडतं. तिथून लगेच आत उडी मारण्याची काही गरज नाही.

लेव्हल साधारण 24 ते 25 असावी. 22 वर जाता येतं, पण प्रत्येक टोळीशी झुंजावं लागतं. कमी असेल तर चौथ्या अ‍ॅक्टमधल्या रिव्हर ऑफ फ्लेमच्या वेपॉइंटपासून (एकदा सापडला की गावातून थेट जाता येतं असा थांबा) केऑस सँक्च्युअरीपर्यंत दोन-तीन फेऱ्या मारा. एकटे खेळत असाल तर एन्टर दाबून ‘/players 3’ असं टाइप केलं की राक्षसांचं रक्त वाढतं आणि एक्सपीरियन्सही वाढतो. आकडा 8 पर्यंत चालतो, पण हावरटपणा नको.

मग चारही रेझिस्टन्स निदान 40 च्या आसपास आणा. थंडी आणि आग आधी. नॉर्मलमध्ये गेम तुमच्या रेझिस्टन्समधून काही कापत नाही, म्हणजे अंगावर जे आहे ते पूर्ण मिळतं. आर्मर किंवा हेल्मेटमध्ये खाच असेल तर राल रून आगीसाठी 30 टक्के, ऑर्ट विजेसाठी, थुल थंडीसाठी, टाल विषासाठी. ढालीत बसवला तर हेच 35 मिळतात. आणखी एक गोष्ट, जी भाच्याला चार दिवसांनी कळली: छोटे-मोठे चार्म फक्त अंगावरच्या सामानात असतील तरच काम करतात, स्टॅशमध्ये ठेवले तर ते नुसते शोभेचे दगड. त्यानं थंडीचे दोन चार्म ‘जपून’ स्टॅशमध्ये ठेवले होते.

बेल्ट चार ओळींचाच हवा. होराड्रिक क्यूबमध्ये (वस्तू मिसळून नवी बनवायची पेटी) तीन लाल (रक्ताच्या) आणि तीन निळ्या (जादूच्या शक्तीच्या) बाटल्यांबरोबर एक चिप्ड (तुटकं) हिरा-माणिक काहीही टाकलं की दोन्ही भरणारी जांभळी रिजुव्हिनेशन मिळते, साधं रत्न टाकलं तर मोठी जांभळी. चिप्ड रत्नं सगळे विकून टाकतात. विकू नका, बेल्टची एक उभी ओळ जांभळी ठेवा.

मर्सिनरी (भाड्याचा सोबती) दुसऱ्या अ‍ॅक्टमधला भालेवालाच ठेवा. या विस्तारात तो तुमच्याबरोबर सगळ्या अ‍ॅक्टमध्ये येतो आणि त्याला हेल्मेट, आर्मर, हत्यार घालता येतं. इथेरिअल वस्तू दुरुस्त होत नाहीत म्हणून आपण टाकून देतो, पण मर्सिनरीच्या अंगावर त्या झिजत नाहीत. दणकट इथेरिअल भाला सापडला की तो त्याचाच.

रक्ताळलेला उतार

हॅरोगॅथमध्ये पोचल्यावर सगळ्यांशी बोला. माला नावाच्या आजीबाई फुकट बरं करतात आणि बाटल्या विकतात. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून मालाताईच म्हणतो. लोहार लारझुक पहिला क्वेस्ट (कामगिरी) देतो: बाहेरच्या ब्लडी फूटहिल्समध्ये शेंक नावाचा मुकादम आहे, त्याला उडवा.

या उतारावर वेपॉइंट नाही, आणि भाचा अकरा वेळा मेला तो इथेच. कारण वरून दगडफेकीची यंत्रं आग आणि बर्फ ओततात, खालून छोटे इम्प एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उड्या मारत आग फेकतात, आणि समोर सीज बीस्ट अंगावर येतात. तिन्हीकडे एकदम बघायला गेलात की संपलात. मधोमध धावू नका. तटबंदीच्या लाकडी फळ्या फोडून पुढे सरका, आणि इम्प बाहेर पडत असतील तर त्यांच्या झोपडीकडे आधी बघा. झोपडी पडली की ओघ थांबतो. सीज बीस्टवर एखादा इम्प स्वार झालेला असेल तर जनावर मेल्यावर तो खाली उतरून पुन्हा लढतो, म्हणजे एकाचे दोन मोजायचे.

शेंक वरच्या टोकाला असतो, त्याच्या भोवती चाबकानं हाकललेले गुलाम. गुलामांना आधी पातळ करा, मग शेंक. तो पडला की उताराच्या माथ्यावरून फ्रिजिड हायलँड्समध्ये पाऊल ठेवताच वेपॉइंट हाताशी येतो. पुढे वस्तू जमवायच्या असतील तर हा वेपॉइंट सोन्याचा आहे. त्याच्या शेजारी एल्ड्रिच नावाचा एक नामवंत राक्षस असतो आणि पायऱ्या उतरून मागे आलं की शेंक. दोघांना मारून बाहेर पडायचं, पुन्हा गेम सुरू करायचा, पुन्हा दोघं. चहाचा कप संपेपर्यंत दोन फेऱ्या होतात.

आता लारझुकच्या बक्षिसाबद्दल, आणि माझ्या मूर्खपणाबद्दल. लारझुक तुमच्या एका वस्तूत खाचा पाडून देतो. एकदाच, प्रत्येक डिफिकल्टीत एकदा. त्या सायबर कॅफेत मी त्या क्षणी हातात असलेल्या निळ्या गदेत खाच पाडून घेतली आणि त्यात एक चिप्ड कवटी ठोकली. चार लेव्हल झाल्यावर ती गदा विकली. आजही आठवलं की जीव चुकचुकतो.

नियम असा (रंग म्हणजे वस्तूच्या नावाचा रंग): साध्या पांढऱ्या वस्तूला लारझुक त्या वस्तूला शक्य तितक्या जास्तीत जास्त खाचा पाडतो. निळीला एक किंवा दोन. पिवळी, हिरवी आणि सोनेरी यांना एकच. म्हणून नॉर्मलमध्ये हे बक्षीस राखून ठेवा. क्वेस्ट पूर्ण करा, बोला, आणि ‘नंतर’ म्हणून निघा, तो थांबतो. पुढे एखादी पांढरी चांगली तलवार किंवा भाला हाती आला, जिच्यात नेमक्या तेवढ्याच खाचा हव्यात, तेव्हा परत या.

पंधरा जण आणि तीन रून

दुसरा क्वेस्ट क्वाल-केक देतो. फ्रिजिड हायलँड्समध्ये त्याचे पंधरा सैनिक पाच-पाचच्या तीन टोळ्यांत कोंडलेले आहेत. नकाशा वळणावळणाचा असला तरी मुख्य रस्त्यापासून फार लांब जावं लागत नाही. राखणदार मारा, कोठडीचं दार फोडा, ते पोर्टलमधून पळतात. वाटेत एखादं लाल पोर्टल दिसलं तर ते अबॅडनकडे जातं. आत आग आणि राक्षस, बक्षीस नशिबावर. पहिल्या खेळात सोडून द्या.

बक्षीस म्हणून क्वाल-केक टाल, राल आणि ऑर्ट हे तीन रून देतो. अनेक जण ते वेगवेगळे वापरून टाकतात. तसं करू नका. तीन खाचांची साधी, राखाडी नावाची ढाल शोधा; दुकानांतही अशी खाचांची ढाल कधीकधी विकायला असते, गेम बंद-चालू केल्यावर माल बदलतो. त्या ढालीत राल, ऑर्ट, टाल याच क्रमानं बसवा. ‘एन्शन्ट्स प्लेज’ हा रूनवर्ड तयार होतो: थंडीला 43 टक्के, आग, वीज आणि विष यांना प्रत्येकी 48. लेव्हल 21 पुरते. एका ढालीनं भाच्याच्या पत्रकातली दोन्ही शून्यं गेली. बाकी अ‍ॅक्ट त्याच्यासाठी तिथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

क्रम चुकला तर रूनवर्ड होत नाही, निळ्या ढालीत बसवले तर होत नाही, चार खाचा असतील तरी होत नाही. आणि एकदा बसवलेले रून सहजी परत मिळत नाहीत. ‘हेल’ नावाचा रून आणि टाउन पोर्टलच्या (गावी परत नेणाऱ्या दाराच्या) कागदाबरोबर ती वस्तू क्यूबमध्ये टाकली की खाचा मोकळ्या होतात, पण रून नष्ट होतात. ठोकण्याआधी दोनदा बघा. सॉर्सरेस असाल तर दोन हातांची काठी सोडून एका हातातली ऑर्ब आणि ही ढाल असा जोड करा. भाचा कुरकुरला, काठीवर +2 होतं म्हणून. दोन तासांनी गप्प झाला.

पंधराही जण सुटले की क्वाल-केककडून बर्बर सैनिक भाड्यानं घेता येतात. मी घेत नाही. भालेवाला मेला तर तोच त्याला पैसे घेऊन उठवतो, तेवढं काम त्याच्याकडे.

आन्या

हायलँड्सच्या पुढे अरीट प्लॅटो, मग क्रिस्टलाइन पॅसेज. दोन्हीकडे वेपॉइंट आहेत, दोन्ही घ्या. क्रिस्टलाइन पॅसेज ही बर्फाची गुहा, आणि तिच्यातून दोन वाटा फुटतात: एक ग्लेशियल ट्रेलकडे म्हणजे पुढे, दुसरी फ्रोझन रिव्हरकडे. फ्रोझन रिव्हरमध्ये गेलं नाही तरी गेम पुढे सरकतो. म्हणून कित्येकजण तिला ओलांडतात. माझ्या मते पूर्ण अ‍ॅक्टमधली ही सर्वांत मोठी चूक.

गुहेत रस्ता हुकत असेल तर एका हाताची भिंत धरा, पुण्यातल्या जुन्या वाड्यात अंधारात चालावं तशी. बर्फाळ भुतं थंडीची फुंकर मारतात, त्यामुळे पाय जड होऊन सगळे अंगावर येतात. मालाताईंकडून थॉइंग पोशन घ्या. थंडीचा रेझिस्टन्स तात्पुरता 50 नं वाढतो, आणि दोन-तीन एकदम प्यायल्या तर परिणामाचा वेळ वाढत जातो.

टोकाला फ्रोझनस्टाइन आणि त्याची टोळी आन्या या हॅरोगॅथच्या मुलीभोवती पहारा देत असतात. त्यांना एक-एक करून गुहेच्या अरुंद भागात ओढा. ते संपले की गोठलेल्या आन्याला क्लिक करा. काही होत नाही. घाबरू नका, टाउन पोर्टल उघडून मालाताईंकडे या, त्या एक औषध देतात, परत जाऊन पुन्हा क्लिक करा. आन्या मोकळी होऊन गावात येते.

आता पुन्हा मालाताईंशी बोला. त्या एक गुंडाळी देतात, ती राइट क्लिक करून वाचली की चारही रेझिस्टन्स कायमचे 10 नं वाढतात. तीनही डिफिकल्टी मिळून 30. पुढे नाइटमेअरमध्ये गेम 40 आणि हेलमध्ये 100 कापून घेतो, तेव्हा या तिसांची किंमत कळते. मग आन्याशी बोला, ती तुमच्या पात्राला शोभणारी एक पिवळी वस्तू देते. कधी नशीब फुलतं, कधी भंगार.

गुंडाळी हातात घेऊन स्टॅशमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. वाचल्याशिवाय ती काही करत नाही.

निहलाथाक

आन्या गावात एक लाल पोर्टल उघडते. त्यातून निहलाथाकच्या, म्हणजे फितूर झालेल्या गावच्या म्होरक्याच्या, देवळात जाता येतं आणि आत शिरल्या शिरल्या पिंडलस्किन नावाचा राक्षस भेटतो. हे पोर्टल पुढच्या खेळांतही उघडं राहतं, म्हणून पिंडलस्किनला मारून वस्तू शोधणं हा कित्येकांचा रात्रीचा धंदा आहे.

निहलाथाकपर्यंत जायचं असेल तर हॉल्स ऑफ अँग्विश, हॉल्स ऑफ पेन (इथे वेपॉइंट), हॉल्स ऑफ वॉट असे तीन मजले उतरायचे. शेवटच्या मजल्यावर तो चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यात असतो. जवळच्या मढ्यांचा स्फोट करून तुम्हाला उडवतो, म्हणून त्याच्या माणसांना त्याच्या डोळ्यांसमोर न मारता बाहेर ओढून मारा, नाहीतर थेट त्याच्यावरच तुटून पडा. बक्षीस काय, तर आन्या एका वस्तूवर तुमचं नाव घालून देते. उपयोग शून्य, मजा बरीच. भाच्याच्या सॉर्सरेसचं नाव ‘मिसळ’ होतं. आता तिच्याकडे मिसळचा शिरस्त्राण आहे.

हा क्वेस्ट सोडला तरी चालतो.

तिघे म्हातारे

ग्लेशियल ट्रेल, फ्रोझन टुंड्रा, एन्शन्ट्स वे. तिन्हीत वेपॉइंट. मधल्या बाजूच्या गुहा सोडून सरळ चढत जा. इथे मेलेली हाडकं पुन्हा उठतात, गोंधळू नका, पुन्हा मारा. सक्युबस दिसली की आधी तिला, कारण तिच्या शापानंतर फटके जास्त लागतात. एन्शन्ट्स वेचा वेपॉइंट घेतल्याशिवाय वर पाऊल ठेवू नका. तो नसला तर एका मरणात अर्धा तास जातो.

माथ्यावर तीन पुतळे आणि मधे वेदी. वेदीला हात लावला की टॅलिक, कॉर्लिक आणि मॅडॉक जिवंत होतात. टॅलिक गरगर फिरत येतो, कॉर्लिक उडी मारून नेमका डोक्यावर उतरतो, आणि मॅडॉक लांबून कुऱ्हाडी फेकत राहतो. नॉर्मलला लेव्हल 20 पेक्षा कमी असाल तर ते उठतच नाहीत (नाइटमेअरला 40, हेलला 60). तिघं एकाच खेपेत पडले पाहिजेत. मधेच टाउन पोर्टलनं गावात गेलात किंवा मेलात, की तिघं पुन्हा पुतळे, पुन्हा पूर्ण रक्तानं.

याच नियमाचा फायदाही घ्या. प्रत्येक वेळी तिघांना काहीतरी वाढीव गुण मिळतात: कुणी जास्त वेगवान, कुणी शाप देणारा, कुणी जास्त ताकदवान. माउस नावावर नेला की खाली लिहिलेलं दिसतं. तिघंही वेगवान आलेले दिसले तर हट्ट करू नका, गावात जा, परत या, नवे गुण मिळतील.

आणि ही युक्ती मला वर्षानुवर्षं सुचली नव्हती, भाच्यानं काढली. वेदीला हात लावण्याआधी गावातून बाटल्यांच्या खेपा आणून माथ्यावर जमिनीवर पसरून ठेवायच्या. खेळ चालू असेपर्यंत त्या तिथेच राहतात. लढताना बेल्ट रिकामा झाला की पळत जाऊन उचलायच्या. त्यानं चार कोपऱ्यांत चार ढीग लावले, माथ्यावर भाजी मंडई भरल्यासारखे.

पहिल्या खेपेत तरी तो मेला. मॅडॉकवर गेला, मागून टॅलिक आला. दुसऱ्या खेपेत मी शेजारी बसून फक्त एवढंच म्हणत होतो, “पळ. गोल पळ.” सॉर्सरेसनं स्टॅटिक फील्ड या जादूनं तिघांचं रक्त उतरवायचं, प्रत्येक फटक्याला चालू रक्ताचा चौथा भाग जातो, नॉर्मलमध्ये त्याला खाली मर्यादा नाही. मग एकाला बाजूला खेचून संपवायचं. कॉर्लिक उडी मारण्याच्या बेतात दिसला की जागा सोडायची. भालेवाला लवकर पडला, त्याला उठवायला गावात जाता येत नाही. टॅलिक गेला. कॉर्लिक गेला. मॅडॉक एकटा राहिल्यावर भाच्याला इतका आत्मविश्वास आला की तो त्याच्या समोर उभा राहून फटके खाऊ लागला. शेवटची जांभळी बाटली प्यायला तेव्हा बोटं थरथरत होती. मॅडॉक पडला.

बक्षीस म्हणून भरघोस एक्सपीरियन्स मिळतो, नॉर्मलला बऱ्याचदा एक अख्खी लेव्हल. आणि वर्ल्डस्टोन कीपचं दार उघडतं. मित्रांबरोबर खेळत असाल तरी हा क्वेस्ट प्रत्येकाच्या नावावर हवा, नाहीतर आत जाता येत नाही.

मेल्यावर वस्तू माथ्यावर राहिल्या तर वेपॉइंटनं परत जाऊन घ्या, पुतळे शांत असतात. अगदीच अडलात तर ‘सेव्ह अँड एक्झिट’ करून पुन्हा सुरू करा, तुमचं प्रेत गावातच येतं. एकच प्रेत येतं, हे लक्षात ठेवा.

सिंहासनाचं दालन

वर्ल्डस्टोन कीपचे तीन मजले. दुसऱ्यावर वेपॉइंट. पहिल्या दोन मजल्यांवर रमू नका, जिना शोधा. एकटे खेळताना एका डिफिकल्टीचा नकाशा तुमच्या पात्रापुरता तसाच राहतो, म्हणून जिना सापडल्यावर कागदावर खूण केली तरी उद्या कामाला येते.

तिसऱ्या मजल्याखाली थ्रोन ऑफ डिस्ट्रक्शन. टोकाला बाआल, या अ‍ॅक्टचा शेवटचा राक्षस, बसलेला असतो, पण तो आत्ता मरत नाही. आधी दालनातले साधे राक्षस कोपऱ्याकोपऱ्यानं साफ करा, प्रवेशाच्या चिंचोळ्या भागात टाउन पोर्टल उघडून ठेवा आणि मग सिंहासनाजवळ जा. बाआल हसतो आणि पाच टोळ्या एकामागून एक सोडतो.

पहिली कोलेंझोची: तो मेलेल्यांना उठवतो, म्हणून पहिला तोच. दुसरी आख्मेलची: हाडकांच्या मागे उभा असलेला तो ममीसारखा प्राणी आधी मारा, हाडकांना मोजत बसू नका. तिसरी बार्टुकची, हायड्रा उगवतात, एका जागी उभे राहू नका. चौथी व्हेन्टारची, आग ओकणारी. पाचवी लिस्टरची, आणि ही खरी. मोठी, वेगवान जनावरं एका फटक्यात तुम्हाला ढकलून भिंतीला लावतात आणि तिथून सुटू देत नाहीत. त्यांच्यासाठी सिंहासनाजवळ न थांबता प्रवेशाकडे मागे या, भालेवाल्याला पुढे ठेवा, एक-एक घ्या. दोन टोळ्यांच्या मधे हवा तेवढा वेळ गावात घालवा, बाआल तुमच्याशिवाय हसत नाही.

एकदा असंच लोडशेडिंगच्या काळात, गुरुवारी, माझी लिस्टरची टोळी निम्मी पडली होती. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, हे मला ठाऊक होतं, तरी बसलो होतो. यूपीएस दोन मिनिटं कोकलला आणि गेला. तेव्हापासून पाच टोळ्या गुरुवारी नाही.

बाआल

पाचवी टोळी संपली की तो आत पळतो आणि पोर्टल राहतं. लगेच मागे लागू नका. गावात जा, भालेवाल्याला उठवा, बेल्ट भरा, थॉइंग पोशन प्या आणि मग शिरा. वर्ल्डस्टोन चेंबर मोठा आहे, तो तुम्हाला लांब राहू देतो.

त्याचे मुख्य डाव चार. थंडीची लाट, जिच्यानं तुम्ही मागे फेकले जाता. माना (जादूची शक्ती) काढून घेणारा फटका. जादूगारांना हा सर्वांत जड जातो, म्हणून बेल्टमध्ये निळ्या बाटल्या हव्यातच. जमिनीतून उगवणाऱ्या सोंडा, ज्यांच्यात अडकलात की पळण्याची वाट बंद. आणि स्वतःची हुबेहूब नक्कल. नक्कल दिसली तर ज्याच्यावर मारा चालू होता त्याच्यावरून नजर हलवू नका, नाहीतर दोघांत अर्धं-अर्धं मारत बसाल. जवळून लढणाऱ्यांनी सोंडांना आधी छाटावं. लांबून लढणाऱ्यांनी थंडीच्या लाटेच्या रेषेतून बाजूला सरकत राहावं. रक्त कमी झालं तर गावात जाऊन या, त्याचं रक्त भरतं पण हळूहळू.

भाचा “बाआलला मारतोय, बाआलला मारतोय” म्हणत ओरडत होता तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कोणाचं बाळ मारताय रे सकाळपासून?” चकली तिच्या हातातच राहिली.

बाआल पडला की आधी जमिनीवर पडलेल्या वस्तू उचला. टायरिएल येतो, वर्ल्डस्टोन (पर्वताच्या पोटातला जादूचा दगड) बिघडलाय म्हणून तो फोडावाच लागेल असं सांगतो आणि पोर्टल उघडतो. नावापुढे ‘स्लेअर’ लागतं आणि नाइटमेअर खुलतं. तिथे पहिल्याच मिनिटाला ‘सी’ दाबून पत्रक बघा. चारही आकडे 40 नं खाली आलेले असतात. त्याच्यासाठी नवं सामान जमवायला नॉर्मलमध्येच दोन-चार संध्याकाळी द्याव्या लागतात: पिंडलस्किन, एल्ड्रिच, शेंक, पुन्हा पिंडलस्किन.

एक फेरी मात्र नुसत्या गंमतीची. बाआल मेल्यावर पहिल्या अ‍ॅक्टमध्ये परत जा, ट्रिस्ट्रममधून विर्टचा लाकडी पाय आणा, रोग एनकॅम्पमेंटमध्ये उभं राहून तो पाय आणि टाउन पोर्टलचं पुस्तक क्यूबमध्ये टाका. लाल पोर्टल उघडतं. भाचा आत डोकावला आणि वळून माझ्याकडे बघत म्हणाला, “मामा, एवढं सगळं करून शेवटी गाई?”

“हो,” म्हटलं, “आणि सगळ्या भालेवाल्या. घोळक्यात शिरू नकोस, दारातच उभा राहा.”